पावसाळ्यातील दगडी आणि औषधाला दाद न देणारे जंतू

पाऊस लागला की गोठा ओला राहतो आणि दगडीच्या (कासदाहाच्या) तक्रारी वाढतात. बरेच जण जुन्या चिठ्ठीवरची ट्यूब मेडिकलमधून आणून सडात सोडतात आणि सूज उतरली की उपचार थांबवतात. मनाने केलेल्या अशा अर्धवट उपचारातून औषधाला दाद न देणारे जंतू वाढतात. बाजारातून आणलेली गाय, उसने आणलेले मिल्किंग मशीन, गोठ्यागोठ्यांतून फिरणारे बूट यांतून ते शेजाऱ्याकडेही पोचतात.

गाय विकत घेताना चारही सडांचे दूध तपासा. सीएमटी (छुपा कासदाह ओळखण्याची गोठ्यातच करता येणारी चाचणी) च्या पॅडलमधील चार खणांत एकेका सडाचे थोडे दूध घ्या, तेवढेच द्रावण घाला आणि पॅडल गोल फिरवा. दूध जेलीसारखे घट्ट झाले तर त्या सडात छुपा कासदाह आहे, मग कास वरून कितीही निरोगी दिसो. घेतलेली गाय तीन आठवडे वेगळी बांधा, तिची धार सर्वांत शेवटी काढा.

दगडी झालीच तर औषध सुरू करण्याआधी दुधाचा नमुना घ्या. सडाचे टोक स्पिरिटच्या बोळ्याने पुसा, पहिल्या दोन-तीन धारा सोडून द्या, निर्जंतुक बाटलीत दूध घ्या आणि बर्फात ठेवून प्रयोगशाळेत पोचवा. कोणते औषध लागू पडेल हे तपासणीतून कळते. गाय अत्यवस्थ असेल तर मात्र अहवालाची वाट न पाहता डॉक्टरांना बोलवा आणि ते सांगतील तितके दिवस औषध पूर्ण करा.

उपचार चालू असलेल्या गायीचे दूध वाया जाते म्हणून वासराला पाजले जाते. कृपा करून हे थांबवा. औषधाचा अंश पोटात गेल्याने वासराच्या आतड्यात नेमके औषधाला दाद न देणारे जंतूच तगतात आणि शेणातून गोठाभर पसरतात.

कच्च्या कोंबडी खतातही असे जंतू असू शकतात, म्हणून ते गोठ्याजवळ उतरवू नका. ते नीट कुजवा, अधूनमधून पलटी द्या. ढीग आतून चांगला तापला की बरेच जंतू मरतात, सगळे नाही. त्यावर ताडपत्री घाला, म्हणजे पावसाचे पाणी त्यातून विहिरीकडे वाहणार नाही.

कोलिस्टिन हे माणसाच्या गंभीर संसर्गात अखेरीस वापरायचे औषध आहे. जुलै 2019 पासून जनावरांसाठी, कोंबड्यांसाठी आणि खाद्यात त्यावर देशात बंदी आहे. जुन्या पुडीवर हे नाव दिसले तर ती वापरू नका.

औषध दिल्याची तारीख आणि गायीचा बिल्ला क्रमांक वहीत लिहा. लेबलवर मुदत दिलेली नसेल, तर शेवटच्या मात्रेनंतर दूध आणि अंडी किमान 7 दिवस, मांस 28 दिवस विक्रीला पाठवू नका.