बडोद्यातल्या हॉलमध्ये समुद्र कसा आणायचा
जलपरी, समुद्रमंथन असलं काही लावायचं असेल तर दहा छोट्या फ्रेम नकोत, एकच मोठं चित्र घ्या, सोफ्याच्या रुंदीच्या साधारण दोन तृतीयांश. मला तर वरुणाचं वाहन मकर (पुराणातला मगरीसारखा जलचर) सगळ्यात भारी वाटतो, आपलाच आहे तो! रिकाम्या भिंतीवर चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ सेमीच्या आसपास ठेवा, सोफ्यावर लावताना मात्र पाठीच्या वर १५-२० सेमीच सोडा. आणि पावसाळ्यात आपल्याकडे बाहेरची भिंत ओल धरते ना, म्हणून फ्रेमच्या मागे चारही कोपऱ्यांत कॉर्कचे तुकडे चिकटवा म्हणजे हवा खेळती राहते, बुरशीची भीती कमी. पश्चिमेचं ऊन थेट येतं तिथे नकोच, रंग उडतात. खरेदीआधी बडोद्यातल्याच जुन्या तांबेकर वाड्यातली १९व्या शतकातली भित्तिचित्रं जरूर बघून या, डोळा तयार होतो.