आजारी माणसाची सेवा आणि मनातला राग: ‘कोठवर’ची वही

घरातल्या अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं सगळं आपणच करतो, भाऊ-बहीण फोनवर नुसती चौकशी करतात, आणि प्रार्थनेला बसलं की देवाऐवजी तेच आठवतात. वर चर्चच्या मंडळीत कुणी म्हणतं, “सेवा म्हणजे आशीर्वाद हो!” (म्हणणाऱ्यांनी एक रात्र जागून बघावं.)

मला लागू पडलेली युक्ती अशी:

1. बायबलमधलं स्तोत्र 13 काढा. सहाच ओव्या आहेत, आणि पहिल्या दोनांत दावीद देवाला चार वेळा ‘कोठवर?’ विचारतो. म्हणजे तक्रार हीसुद्धा प्रार्थनाच.

2. आजारी माणूस झोपल्यावर, दुसऱ्या खोलीत, दहा मिनिटं आपले ‘कोठवर’ वहीत लिहा. गोड करू नका. ‘चादर तिसऱ्यांदा बदलली, वहिनीला फोनही करावासा वाटला नाही’ असं जसंच्या तसं.

3. त्यातल्या एकाच ओळीची मागणी करा. ‘कुणी मदत करत नाही’ यावर समोरचा फक्त भांडतो. ‘दादा, येत्या रविवारी 8 ते 11 आईजवळ बस, मला उपासनेला जायचंय’ याला हो किंवा नाही म्हणावंच लागतं. नाही आलं, तर तीच ओळ पाळकसाहेबांना किंवा महिला मंडळाला सांगा.

4. पान फाडून टाका. ते आजाऱ्याच्या हाती लागता कामा नये.

एक सांभाळा: हात उगारावासा वाटला किंवा जीव नकोसा झाला, तर वही पुरत नाही. खोलीबाहेर या, कुणाला तरी बोलवा. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास लागतो.