इलेक्ट्रिक मँडोलिनचा ब्रिज आणि टेलपीस घरीच बनवा

स्वस्तातल्या इलेक्ट्रिक मँडोलिनचं लाकूड आणि नेक बऱ्याचदा ठीकठाक असतात, पण ब्रिज (बॉडीवर तारा ज्यावर टेकतात तो भाग) आणि टेलपीस (शेपटीकडे तारांची टोकं अडकतात तो भाग) पातळ पत्र्याचे ठोकलेले असतात आणि सूर तिथेच मार खातो. हे दोन पार्ट हॅकसॉ, कानस, ड्रिल मशीन आणि व्हाइस एवढ्यावर घरी छान बनतात. खुंट्यांच्या वाटेला मात्र जाऊ नका, ते गिअरचं काम घरी होत नाही, त्या विकतच्याच चांगल्या. आणि खाली जे लिहिलंय ते सॉलिड बॉडीसाठी आहे, पोकळ बॉडीच्या वरच्या पातळ फळीत असे स्क्रू मारू नका.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, आठ तारा (एकाच सुराच्या दोन-दोन, अशा जी, डी, ए, ई या चार जोड्या) सुरात आल्या की सगळा मिळून ओढा ७०-८० किलोपर्यंत जातो, म्हणून टेलपीससाठी ३ मिमी जाडीचा पितळी अँगल (L आकाराची पट्टी) घ्या, २५ बाय २५ मिमीचा. अ‍ॅल्युमिनियम चालतं पण त्याला सोल्डर नीट धरत नाही आणि तारांच्या टोकांचे गोळे हळूहळू त्यात रुततात, मी तरी पितळच सांगेन. साधारण ५० मिमी लांब तुकडा कापा. एक बाजू बॉडीवर आडवी, नेककडे तोंड करून, आणि दुसरी शेपटीच्या बाजूला उभी राहील असा बसवायचा. उभी बाजू कापून १६ मिमीच ठेवा आणि वरची कड कानशीने पूर्ण गोल करा, कारण वाजवताना मनगट नेमकं तिथेच टेकतं.

आता भोकं. इथे घाई करू नका. जोडीतल्या दोन तारांमध्ये अंतर जेमतेम अडीच मिमी असतं आणि तारेच्या टोकाचा गोळा असतो जवळपास ४ मिमीचा, म्हणजे दोन्ही भोकं एका रेषेत पाडली तर गोळे एकमेकांवर चढतात आणि बसतच नाहीत. उपाय सोपा आहे, एक भोक खाली, एक वर. खालचं ६ मिमी उंचीवर, वरचं ११ वर. जोड्यांमधलं अंतर स्वतःच्या मँडोलिनवरून मोजून घ्या, जुना ब्रिज काढायच्या आधीच. पंच मारून खूण करा नाहीतर ड्रिलचं टोक सरकतं, मग २ मिमीचं भोक पाडा आणि दोन्ही बाजूंनी मोठं ड्रिल हाताने फिरवून कड मोडा. ही कड धारदार राहिली तर ई ची तार तिथेच तुटणार, आणि तुम्ही तारेला दोष देत बसणार.

स्क्रू चार, उभ्या बाजूच्या जवळ एका ओळीत. तारांचा ओढा अँगलला पुढे कलंडवायला बघतो, त्यामुळे स्क्रू पुढच्या कडेपासून जितके लांब तितकी पकड चांगली. लाकडात आधी बारीक भोक पाडूनच स्क्रू घाला, थेट पिळलात तर लाकूड चिरतं.

ब्रिज हा खरा मजेचा भाग. इथे चार वेगवेगळे सॅडल (तारा टेकवायचे छोटे तुकडे) करा, प्रत्येक जोडीला एक. जुन्या टेलिकास्टर गिटारला सहा तारांना तीनच पितळी सॅडल असतात, तिथे दोन वेगळ्या जाडीच्या तारांना एकच सॅडल वाटून घ्यावं लागतं म्हणून सूर थोडा तडजोडीचा राहतो. आपल्याकडे जोडीतल्या दोन्ही तारा सारख्याच जाडीच्या, म्हणजे एका सॅडलवर दोघी बरोबर जुळतात! बॉडीवर आधी ३ मिमीची पितळी पट्टी स्क्रूने पक्की करा. मग १२ मिमीच्या छोट्या पितळी अँगलचे ११ मिमी रुंद चार तुकडे कापा, आडव्या भागात लांबट खाच करा म्हणजे एम-३ (३ मिमीचा) स्क्रू सैल करून सॅडल पुढेमागे सरकवता येईल. पट्टीत आटे पाडायला २.५ मिमीचं भोक आणि एम-३ टॅप लागतो, आणि पट्टीखालच्या लाकडातही ४ मिमीचा खड्डा करून ठेवा, स्क्रूचं टोक जायला जागा पाहिजे. वरच्या कडेवर तारांसाठी उथळ खाचा, तारेच्या अर्ध्या जाडीइतक्याच. उंची कमी हवी तर कड घासा, जास्त हवी तर खाली पत्र्याचा तुकडा सरकवा.

अर्थिंग विसरू नका. टेलपीसखाली उघडी वायर दाबून ती व्हॉल्यूम पॉटच्या (आवाजाच्या बटणाखालच्या भागाच्या) पाठीला सोल्डर करा, नाहीतर तारांवर हात ठेवला तरी घूंऽऽ असा आवाज चालूच राहतो.

तारा गोळेवाल्याच लागतील. सुट्या गिटारच्या तारा घेतल्या तरी भागतं, ई, ए, डी, जी ला अनुक्रमे ०.०११, ०.०१५, ०.०२४ आणि ०.०३६ इंच. जाड दोन्ही निकेलच्या घ्या, ब्राँझच्या नकोत, चुंबकी पिकअपला ब्राँझ नीट पकडता येत नाही आणि ई-ए दणक्यात, जी-डी मात्र दबलेल्या असं होतं.

शेवटी सूर लावून सॅडल सेट करा. नटपासून (खुंट्यांकडे तारा टेकतात ती पट्टी) १२ व्या पडद्यापर्यंतचं अंतर दुप्पट केलं की सुरुवातीची जागा मिळते, सॅडल त्याच्या जरा मागेच येणार. मग १२ व्या पडद्यावर नुसता हलका स्पर्श करून आणि नंतर दाबून, दोन्ही आवाज ट्यूनरवर बघा. दाबलेला चढा असेल तर सॅडल मागे घ्या, उतरता असेल तर पुढे. चारही सॅडल सरळ रेषेत येत नाहीत, घाबरू नका, ई पुढे, ए मागे, गुंडाळलेली डी परत पुढे आणि जी मागे, असंच दिसायला हवं. दर वेळी सरकवायच्या आधी त्या जोडीचा ताण उतरवा. आणि सगळं जमल्यावर सॅडल आणि टेलपीसच्या मधल्या तारांखाली जाड फेल्टची पट्टी सरकवून द्या, तारेचा तो छोटा तुकडा स्वतःचाच एक किणकिण सूर काढत राहतो आणि अ‍ॅम्पवर तो फार टोचतो.