स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी: लॅपटॉप दुरुस्तीच्या धंद्यात येणाऱ्यांसाठी

दरवर्षी बारावीचे निकाल लागले की एकदोन मुलं दुकानात डोकावतात आणि विचारतात, "दादा, चिप लेव्हल शिकायला किती दिवस लागतात?" चिप लेव्हल म्हणजे बोर्डावरचे बारीक भाग शोधून, बदलून करायची दुरुस्ती. कुठेतरी जाहिरात पाहिलेली असते. सोल्डरिंगचा धूर, मायक्रोस्कोप, बंद पडलेला बोर्ड अचानक जिवंत. मी उलट विचारतो, "गिऱ्हाईक म्हणालं लॅपटॉप स्लो चालतो, तर आधी काय बघशील?" उत्तर बहुतेक वेळा "फॉर्मॅट मारू" हेच.

चिपळूणसारख्या तालुक्याच्या गावात काउंटरवर काय येतं ते आधी ऐका. स्लो झालेली मशीन, उतरलेली बॅटरी, तुटलेलं हिंज, फुटलेला स्क्रीन, चहा सांडलेला कीबोर्ड, विंडोज उघडत नाही, प्रिंटर दिसत नाही. बोर्डाचं काम त्यात थोडं. दुकानाचं भाडं पहिल्या यादीतून निघतं, म्हणून शिकायची सुरुवातही तिथूनच करा.

"स्लो" ही तक्रार घ्या. टास्क मॅनेजर उघडा आणि मशीन सुरू झाल्यावर पाच मिनिटं नुसतं बघत बसा. डिस्क १०० टक्क्यांवर अडकली असेल आणि आत ५४०० आरपीएमची जुनी हार्ड डिस्क असेल, तर एसएसडी (चिपवर डेटा ठेवणारी, आत काहीही न फिरणारी ड्राइव्ह) टाकण्याइतका ठळक फरक दुसऱ्या कशानेच पडत नाही. तशी हार्ड डिस्क सरळ वाचनात सेकंदाला साधारण १०० एमबी देते आणि विखुरलेल्या लहान फायलींवर तर पार गळते. साटा या जुन्या जोडणीची एसएसडी पाचशेच्या वर जाते. एनव्हीएमई या नव्या जोडणीची त्याच्या कितीतरी पुढे जाते, पण टॅली, ब्राउझर आणि वर्डवर काम करणाऱ्या माणसाला साटा आणि एनव्हीएमईमधला फरक फारसा कळत नाही. ज्या मशीनला दोन्ही चालतात तिथे महागडी एसएसडी गळ्यात मारू नका.

डिस्क शांत आहे आणि तरीही मशीन रांगतंय, असंही होतं. तेव्हा त्याच खिडकीत प्रोसेसरचा वेग बघा. तो एक गिगाहर्ट्झच्याही खाली अडकून पडला असेल तर दोन शंका. एक म्हणजे उष्णता: पंख्यात धूळ, सुकलेली थर्मल पेस्ट. दुसरी म्हणजे चार्जर, आणि ही नव्या मुलांना सुचतच नाही. डेलच्या गोल पिनच्या चार्जरमध्ये मधोमध एक बारीक पिन असते. चार्जर किती वॉटचा आहे हे बोर्डाला तिच्यातून कळतं. ती पिन वाकली, वायर आतून तुटली किंवा स्वस्तातला चार्जर लावला की बोर्ड त्याला ओळखत नाही, बॅटरी चार्ज करत नाही आणि प्रोसेसरचा वेग खाली ओढतो. मीटरवर १९.५ व्होल्ट व्यवस्थित दिसतात, म्हणून चार्जर निर्दोष ठरतो. अशा लॅपटॉपला फॉर्मॅट मारून, रॅम वाढवून, एसएसडी टाकूनही तो स्लोच राहतो. तपासायची युक्ती सोपी आहे: चार्जर काढा आणि बॅटरीवर चालवा. वेग परत आला तर चोर सापडला. एचपीच्या बऱ्याच मॉडेलांतही अशी मधली पिन असते.

रॅमचं थोडक्यात. डीडीआर३, ४ आणि ५ एकमेकांच्या जागी बसत नाहीत, खाच वेगळ्या ठिकाणी असते. बसत नसेल तर जोर लावू नका. आधी मशीनमध्ये स्लॉट किती, रॅम बोर्डावर सोल्डर केलेली आहे का, हे मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघा. डेल, एचपी, लेनोवो यांची मॅन्युअलं फुकट मिळतात आणि कोणता स्क्रू कुठे हेही त्यात चित्रासकट असतं. डीडीआर५ टाकल्यावर पहिल्यांदा स्क्रीन बराच वेळ काळा राहू शकतो. बोर्ड नव्या रॅमशी जुळवून घेत असतो. घाबरून लगेच पॉवर बटण दाबू नका. आणि भाव सांगताना जपून: २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे दर इतके चढले की आज दिलेलं कोटेशन पुढच्या आठवड्यात अंगावर येऊ शकतं. मुदत लिहूनच द्या.

आमच्याकडचा आणखी एक प्रकार म्हणजे खारं वारं. गुहागर, दापोलीकडून येणाऱ्या मशीनमध्ये रॅमचे सोनेरी दात काळवंडतात आणि गिऱ्हाईक "डेड झाला" म्हणून घेऊन येतं. रॅम काढून आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसून परत लावली की डिस्प्ले येतो. या कामाचे पैसे किती घ्यायचे यावर दुकानदारांत कायम वाद असतो. मी तपासणीचे घेतो, "मदरबोर्ड रिपेअर"चे घेत नाही.

आता फॉर्मॅट. यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, कारण इथे गिऱ्हाईकाचं जे जातं ते पैशाने परत येत नाही.

"डेटा काय ठेवायचाय?" असं विचारलंत तर "फोटो आणि डेस्कटॉप" एवढंच उत्तर येईल. त्यामुळे माणसाचा धंदा विचारा. हिशेबनीस असेल तर टॅलीचा डेटा कुठल्या फोल्डरमध्ये आहे ते टॅली उघडूनच बघा, अंदाजाने नको. ठेकेदार असेल तर ई-टेंडरसाठी डिजिटल सिग्नेचरचा टोकन असतो, त्याचा ड्रायव्हर पुन्हा टाकावा लागतो. महा-ई-सेवा केंद्रवाला असेल तर अंगठ्याच्या मशीनची आरडी सर्व्हिस (ते मशीन आधारच्या कामाला जोडणारं सॉफ्टवेअर) चालू झाल्याशिवाय त्याचं दुकान उघडत नाही. तो सकाळी दहाला रांगेसमोर उभा राहून तुम्हाला फोन करणार. आणि लग्नपत्रिका, अहवाल, बॅनर छापणारा असेल तर फॉन्ट. श्रीलिपी किंवा तसल्या जुन्या फॉन्टमध्ये केलेलं काम युनिकोड नसतं. आत इंग्रजी कळांचेच कोड साठवलेले असतात आणि फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. फॉर्मॅटनंतर फाइल जशीच्या तशी असते, पण उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो आणि "तुम्ही माझ्या फायली बिघडवल्या" असं ऐकावं लागतं. म्हणून विंडोजच्या फोल्डरमधला अख्खा फॉन्ट्स फोल्डर आधी कॉपी करायचा. फॉन्टच्या सॉफ्टवेअरचा डोंगल (परवान्याची यूएसबी चावी) असेल तर तो कुणाच्या कपाटात आहे तेही विचारायचं.

डेस्कटॉप कॉपी केला म्हणून निर्धास्त होऊ नका. आजकाल डेस्कटॉप बऱ्याचदा वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये असतो आणि त्यातल्या काही फायली मशीनवर नुसत्या नावापुरत्या असतात. कॉपी केल्यावर एकूण साइज जुळते का ते बघा, आणि गिऱ्हाईकासमोर चारपाच फायली उघडून दाखवा.

विंडोज ११ असलेल्या नव्या लॅपटॉपमध्ये आणखी एक सापळा आहे. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलेलं असेल तर ड्राइव्ह बहुतेक वेळा आपोआप एन्क्रिप्ट झालेली, म्हणजे कुलूपबंद असते. मालकाला याचा पत्ता नसतो. तुम्ही बायोस (मशीन सुरू करणारा, बोर्डावरच्या चिपमधला प्रोग्रॅम) अपडेट करता, त्यातल्या सिक्युअर बूटच्या सेटिंगला हात लावता किंवा बोर्ड बदलता, आणि निळ्या पडद्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते. ती की त्या खात्यात ऑनलाइन सापडते, पण खातं कुणाचं? मशीन सेट करून देणाऱ्या भाच्याचं असू शकतं. की नाही तर डेटा नाही. इथे कुठलाही चिप लेव्हलवाला काही करू शकत नाही. मशीन चालू आहे तोवरच सेटिंगमध्ये जाऊन एन्क्रिप्शन बघा आणि की गिऱ्हाईकाला उतरवून घ्यायला लावा. जॉबशीटवर त्यासाठी एक रकाना ठेवा.

नवं विंडोज टाकताना इन्स्टॉलरला ड्राइव्हच दिसत नाही, ही तक्रार अकराव्या पिढीपासून पुढच्या इंटेल मशीनवर नेहमीची. नवी एसएसडी खराब निघाली समजून मुलं ती परत पाठवतात. खरं कारण बहुतेकदा व्हीएमडी नावाची बायोसमधली सोय असते. तिचा इंटेलचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर ठेवून "लोड ड्रायव्हर"मधून दिला की ड्राइव्ह दिसते. बायोसमधून व्हीएमडी बंद करूनही काम होतं, पण आधीपासून चालू असलेल्या विंडोजवर ती बंद केलीत तर ते बूट होणं थांबतं.

परवान्याचंही सांगतो. लॅपटॉपसोबत आलेल्या विंडोजची की बायोसमध्येच असते. तीच एडिशन, बहुतेक होम सिंगल लँग्वेज, टाकली की नेट जोडल्यावर ती आपोआप अॅक्टिव्हेट होते. तरी दुकानादुकानात चोरीचं प्रो टाकून वर अॅक्टिव्हेटर चालवतात. गिऱ्हाईकाने पैसे मोजून घेतलेला परवाना काढून त्याला व्हायरसची वाट उघडून द्यायची, हे मला कधीच समजलेलं नाही.

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (कुलपाच्या की सांभाळणारी मशीनमधली सोय) लागतं आणि इंटेलमध्ये साधारण आठव्या पिढीपासून पुढचे प्रोसेसर चालतात. जुन्या मशीनवर अटी चुकवून ११ टाकता येतं, पण मायक्रोसॉफ्ट त्याला अपडेटची हमी देत नाही. हे सांगून मग टाका. नुसतं ब्राउझर आणि व्हिडिओपुरतं मशीन असेल तर मी विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट सिस्टिम सुचवतो. निम्मे लोक नाही म्हणतात, आणि प्रिंटर किंवा टोकनवाल्यांचं नाही म्हणणं बरोबरही असतं.

हार्ड डिस्क खडखडत असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर लावा. पिवळा "कॉशन" आला आणि पेंडिंग सेक्टर (वाचताना अडलेल्या जागा) शून्याच्या वर असतील, तर आधी डेटा काढा. विंडोजची डिस्क दुरुस्तीची चेकडिस्क चालवू नका. मरणाऱ्या डिस्कला ते पार थकवतं. तसंच इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीतला कर्नल-पॉवर ४१ बघून "पॉवर सेक्शन गेला" म्हणू नका. मशीन नीट शटडाउन न होता बंद पडलं, एवढंच तो सांगतो. ते का पडलं हे त्याच्या आधीच्या नोंदींत आणि तापमानात शोधावं लागतं.

पाण्याचं काम आम्हाला २२ जुलै २०२१ च्या पुराने शिकवलं. वाशिष्ठी आणि शिव नदीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, आणि ओसरल्यावर चिखलाने भरलेली मशीनं पोत्यांतून येऊ लागली. त्यात एक गोष्ट स्पष्ट दिसली. घरी पुसून "चालू होतो का बघू" म्हणून बटण दाबलेली मशीनं बहुतेक गेली होती. जी कुणी हातही न लावता आणली, त्यातली बरीच उठली. कारण साधं आहे. ओल्या बोर्डावर व्होल्टेज असलं की गंज झपाट्याने चढतो, आणि लॅपटॉप बंद असला तरी बॅटरी जोडलेली असेपर्यंत बोर्डाच्या काही भागांत वीज असतेच. त्यामुळे क्रम असा: चार्जर काढा, खालचं कव्हर उघडा, बॅटरीचा कनेक्टर सोडवा. बाकी सगळं नंतर. मग बोर्ड सुटा करून डिस्टिल्ड पाण्याने चिखल धुवायचा, मऊ ब्रश आणि ९९ टक्के आयसोप्रोपाइल अल्कोहोल, आणि पूर्ण वाळल्यावरच तपासणी. तांदळाच्या डब्यात ठेवून क्षार निघत नाहीत, उलट मौल्यवान वेळ जातो. पुरात भिजलेली हार्ड डिस्क चुकूनही फिरवून बघू नका. हवेचा दाब सांभाळायला तिला बारीक छिद्र असतं, त्यातून पाणी आत गेलेलं असू शकतं. एसएसडीत फिरणारं काही नसल्यामुळे ती स्वच्छ करून वाळवली की डेटा मिळण्याची आशा चांगली. भिजलेली बॅटरी मात्र परत वापरायचीच नाही.

फुगलेल्या बॅटरीचंही तेच. टचपॅड वर आलंय, झाकण नीट बसत नाही, अशी तक्रार आली की आधी बॅटरी बघा. टोकदार काही लावून उचकटू नका, टोचू नका, घंटागाडीत टाकू नका. आम्ही वाळूच्या बादलीत वेगळ्या ठेवतो आणि ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत माणसाकडे देतो.

कोर्सबद्दल विचाराल तर, एमएस-सीआयटी आणि आयटीआयचा कोपा (कॉम्प्युटर ऑपरेटर) यांत भर दुरुस्तीवर नाही, संगणक वापरण्यावर आहे. आयटीआयमध्येच आयसीटीएसएम (संगणक आणि नेटवर्कची देखभाल) नावाचा दोन वर्षांचा ट्रेड आहे, तो या कामाच्या जवळचा. पुण्या-मुंबईत कंपनीत डेस्कटॉप सपोर्टला जायचं असेल तर कॉम्पटिया ए प्लस हे परीक्षा देऊन मिळणारं प्रमाणपत्र बायोडेटावर दिसतं; आमच्या काउंटरवर ते कुणी विचारत नाही. याखेरीज कुणाच्या तरी दुकानात सहा महिने उघडणं आणि लावणं करा. स्क्रूंची लांबी लक्षात ठेवा. लांब स्क्रू चुकीच्या जागी गेला तर पामरेस्टला पुळी येते किंवा खालचा बोर्डच भोसकला जातो. रिबन केबलचं कुलूप आधी उघडायचं, मग केबल ओढायची.

माल मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या बाजारातून मागवत असाल तर स्क्रीन किती पिनचा, ३० की ४०, हे जुन्या पॅनलच्या मागचा नंबर वाचून सांगा. लॅपटॉपच्या मॉडेलवरून सांगू नका. एकाच मॉडेलमध्ये दोन प्रकारचे पॅनल येतात. "पुलआउट" म्हणजे दुसऱ्या मशीनमधून काढलेला माल वाईटच असतो असं नाही, पण तो नवा म्हणून विकायचा नाही. मशीन आत घेताना रॅम आणि एसएसडीचे नंबर गिऱ्हाईकासमोर जॉबशीटवर लिहून सही घ्या. "माझी ओरिजिनल रॅम काढली" हा आरोप या धंद्यात प्रत्येकावर कधी ना कधी होतो.

एवढं हाताखाली गेलं की मग चिप लेव्हलकडे वळा. पहिली खरेदी मायक्रोस्कोप नको, चांगला मल्टिमीटर आणि करंट दाखवणारा डीसी पॉवर सप्लाय. दोनचार भंगार बोर्ड घ्या, सर्किट डायग्राम समोर ठेवा, आणि १९ व्होल्टची लाइन चार्जिंग पिनपासून पुढे मॉसफेटपर्यंत (वीज चालू-बंद करणारा बोर्डावरचा भाग) मीटरच्या डायोड मोडवर मोजत जा. बायोस चिपवर प्रोग्रॅमर (चिपमधला मजकूर वाचणारं-लिहिणारं यंत्र) लावण्याआधी चिपचा नंबर वाचून ती ३.३ व्होल्टची आहे की १.८ ची ते बघा. स्वस्तातला काळा सीएच३४१ए प्रोग्रॅमर डेटा लाइनवर ५ व्होल्ट देतो, त्यामुळे १.८ च्या चिपला अडॅप्टरशिवाय तो लावायचाच नाही. आणि काहीही लिहिण्याआधी जुनी बायोस दोनदा वाचून दोन्ही फायली जुळतात का ते तपासा. विंडोजची ती कीही त्याच फाइलमध्ये असते.