नाल्याच्या पाण्यावर भाजी घेताय? मग या चुका टाळा

"पाणी घाण असलं म्हणून काय झालं, भाजी बघा कशी हिरवीगार आलीय!" खरंय, सांडपाण्यात नायट्रोजन भरपूर असतो म्हणून पालक नुसता माजतो. पण रंग बघून पाणी पास करायचं, हीच पहिली चूक.

मोठा घोळ पुढे आहे. या पाण्यात दोन वेगळ्या भानगडी असतात आणि लोक दोन्हीला एकच औषध लावतात. एक जंतू आणि जंतांची अंडी, दुसरं कॅडमियम, शिसं असे जड धातू. नीट शिजवलं की जंतू मरतात, पण कॅडमियम मुळातून चढून पानाच्या आत बसलेलं असतं, मग भाजी मिठाच्या पाण्यात बुडवा की तासभर उकळा, ते काही नष्ट होत नाही आणि पोटात गेलं की किडनीत वर्षानुवर्षं साठत राहतं. पालेभाज्या हे जास्त ओढतात, फळभाज्या त्यामानाने कमी, आणि जमीन आम्लधर्मी असेल तर आणखीच वाढतं. त्यामुळे कारखान्याचं पाणी मिसळत असेल तर भाजी नकोच, सरळ फुलं लावा.

फक्त घरगुती सांडपाणी असेल आणि दुसरं पाणीच नसेल, तर निदान थेट पंप लावू नका. पाणी टाकीत एक-दोन दिवस निवांत ठेवा, जंतांची अंडी जड असतात, तळाशी बसतात, मग वरचंच पाणी घ्या. क्लोरीन टाकलं की झालं असं समजू नका, या अंड्यांना त्याने फारसं काही होत नाही. स्प्रिंकलरने तर तेच पाणी पानांवर उडतं, त्यापेक्षा ठिबक बरं. काढणीच्या काही दिवस आधी पाणी तोडा, ऊन आणि कोरडेपणाने बरेच जंतू मरतात, पण होतं उलटंच, वजन भरावं म्हणून आदल्या दिवशी पाणी देतात आणि वर जुड्या त्याच नाल्यात धुतात! कच्ची खायची भाजी तर यावर घेऊच नका, १९७० साली जेरुसलेममध्ये कॉलरा पसरला तो अशाच सॅलडच्या भाज्यांमुळे.

आणि हो, अनवाणी वाफ्यात उतरू नका, अंकुशकृमीच्या (हूकवर्म नावाच्या जंताच्या) अळ्या तळपायाच्या कातडीतून आत शिरतात, तुम्ही भाजी खाण्याची त्यांना वाट बघावी लागत नाही. गमबूट घाला.