पायथनमध्ये इंग्रजी तारखेवरून राष्ट्रीय शके तारीख काढणे

महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात इंग्रजी तारखेशेजारी शके तारीखही छापलेली असते. ती पंचांगातली तिथी नव्हे. २२ मार्च १९५७ रोजी, म्हणजे १ चैत्र १८७९ ला, लागू झालेल्या राष्ट्रीय दिनदर्शिकेची ती तारीख. तिचं गणित संपूर्ण सौर असल्यामुळे पायथनच्या पंधरा-वीस ओळींत ते बसतं.

आधी मजकुरातून खरी तारीख करून घ्या. डेटटाइम मॉड्यूलमधल्या स्ट्रपटाइमला साचा द्यायचा: लहान डी, मग लहान एम, मग मोठा वाय, प्रत्येकाआधी टक्क्याचं चिन्ह आणि मध्ये तिरप्या रेघा. डी आणि एमची अदलाबदल झाली तर ०३/०४/२०२४ ची गुपचूप ४ मार्च होते, एरर येत नाही. तो येतो थेट १३ तारखेला, आणि तोवर बराच डेटा नासलेला असतो. लहान वाय (दोन अंकी साल) तर जन्मतारखांसाठी वापरूच नका: ६८ पर्यंतचे आकडे तो २००० नंतरचे धरतो, म्हणजे ६५ साली जन्मलेला माणूस २०६५ मध्ये जातो. शेवटी डेट ही मेथड लावून वेळ काढून टाका, नाहीतर पुढची तुलना टाइपएरर देईल.

आता शके. १ चैत्र २२ मार्चला येतो, लीप वर्षी २१ मार्चला. दिलेली तारीख त्या दिवशी किंवा नंतर असेल तर सालातून ७८ वजा करा. आधी असेल तर ७९ वजा करा आणि मोजणी मागच्या वर्षीच्या १ चैत्रापासून धरा. दोन तारखांची वजाबाकी करून दिवस घ्या. मग महिन्यांच्या यादीतून एकेक महिना वजा करत जा: चैत्र ३० (मोजणी सुरू होते ते साल लीप असेल तर ३१), वैशाख ते भाद्रपद प्रत्येकी ३१, आश्विन ते फाल्गुन ३०. उरलेला आकडा चालू महिन्याच्या दिवसांपेक्षा कमी झाला की थांबा आणि त्यात १ मिळवा. लीप ओळखायला कॅलेंडर मॉड्यूलमधलं इझलीप वापरा. नुसतं चारने भागलं तर १९०० चुकतं.

१ मे १९६० घेऊ. साल लीप, २१ मार्चपासून ४१ दिवस, चैत्राचे ३१ गेले, १० उरले: ११ वैशाख १८८२. चैत्र ३० चाच ठेवला तर १२ वैशाख येतं. लीपचा विचार दोन्हीकडे, म्हणजे सुरुवातीच्या तारखेत आणि चैत्राच्या दिवसांत, करायचा राहून गेला, तर मात्र इथे उत्तर बरोबरच दिसतं! म्हणून चाचणीत २१ मार्च २०२४ हवाच: १ चैत्र १९४६ यायला हवं. चुकलेला कोड तिथे ३१ फाल्गुन शोधत यादीबाहेर जातो. जोडीला २६ जानेवारी १९५० तपासा, ६ माघ १८७१.

छापताना महिन्यांची नावं स्वतःच्या यादीतून घ्या, तारखेचा मजकूर करणाऱ्या स्ट्रफटाइमची नावं यंत्राच्या लोकेलवर (भाषा-प्रदेशाच्या सेटिंगवर) अवलंबून असतात. आकडे देवनागरीत आणायला मेकट्रान्सने दहा अंकांचा तक्ता करून ट्रान्सलेट लावा.

लग्नपत्रिकेसाठी हा कोड वापरू नका. २०२४ चा गुढीपाडवा ९ एप्रिलला होता, पंचांगात चैत्र शुद्ध प्रतिपदा. या गणिताने तो २० चैत्र येतो. आणि डेटाबेसात इंग्रजी तारीखच साठवा, 'वैशाख'च्या मजकुरावर तारखांचा क्रम लागत नाही.