मुतखडा झाला म्हणून दूध तोडताय? या चुका टाळा

मुतखडा निघाला की घरात पहिला हुकूम सुटतो: दूध-दही बंद! खडा कॅल्शियमचा, मग कॅल्शियमच नको. आतड्यात मात्र हिशेब उलटा चालतो. जेवणातलं कॅल्शियम ऑक्झलेटला (अन्नातून येणारा, कॅल्शियमशी मिळून खडा बनवणारा घटक) तिथेच धरतं आणि दोन्ही शौचावाटे जातात. ते कमी पडलं, की मोकळं ऑक्झलेट रक्तातून लघवीत उतरतं. इटलीत वारंवार खडे होणाऱ्या पुरुषांवर पाच वर्षं हे तपासलं गेलं, निष्कर्ष २००२ साली आले. कॅल्शियम तोडलेल्यांपैकी ३८ टक्क्यांना पुन्हा खडा झाला. नेहमीइतकं कॅल्शियम घेऊन मीठ आणि मांसाहार कमी केलेल्यांत हेच प्रमाण २० टक्के होतं. तेव्हा वाटीभर दही ताटात राहू द्या. हात आखडायचा तो पापड, लोणचं, शेव-चिवड्यावर. नागपुरी सावजी जेवणात लोक तिखटाला बोल लावतात, पण मोजायचं ते मीठ आणि मटण.

'मी पाणी भरपूर पितो' ही दुसरी चूक. पिलेलं नाही, बाहेर पडलेलं मोजा. दिवसाला दोन ते अडीच लिटर लघवी व्हायला हवी. मे महिन्यात नागपुरात पारा ४५ च्या वर गेला, की प्यालेल्यातलं बरंच घामातच जातं. सुट्टीच्या एका दिवशी बाटलीत मोजून बघा, अंदाज किती चुकतो ते कळेल. (किडनी किंवा हृदयाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.) लिंबूपाणी चांगलं, संत्र्याचा रसही, त्यांतलं सायट्रेट खडा जमू देत नाही. फक्त साखर-मिठाचा मारा नको. बिअरचं म्हणाल तर ते औषध नव्हे, निमित्त आहे.

कळ थांबली म्हणजे खडा पडला, असंही धरू नका. ५ मिमीहून लहान खडे बहुधा आपोआप पडतात, पण अडकलेला खडा गुपचूप किडनी बिघडवू शकतो. सांगितलेली सोनोग्राफी टाळू नका. कळेसोबत थंडी वाजून ताप आला, तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री दवाखाना गाठा.

आणि आमच्या काकांनी केलं ते करू नका: पडलेला खडा त्यांनी फ्लश केला. लघवी गाळणीतून करा, खडा डबीत ठेवा, तपासायला द्या. युरिक ॲसिडचा निघाला, तर तसले खडे गोळ्यांनी विरघळवता येतात.